मेलेलं फूल कुठलं?

माती पायऱ्यांवर आली होती. दवाखान्याच्या दारापासून रस्त्यापर्यंत चहाच्या रंगाचा ओघळ, आणि त्यावरून पेशंट तोल सावरत आत जात होते. माळीणबाई वाफ्यापुढे येऊन थबकली. रविवारची सुट्टी घेतली होती तिने. एक. फक्त एक.

"मावशी, माझ्याकडे बघू नका," वॉचमन आधीच म्हणाला. "काल सगळं ऑफिस आलं होतं श्रमदानाला. साहेब स्वतः कात्री घेऊन वाफ्यात उतरले. फोटोसुद्धा लागलाय आत फळ्यावर."

वाफ्यातली माती उघडीबोडकी होती. खुडलेली फुलं आणि पालापाचोळा बारीक करून तिने मातीवर चार बोटं थर दिला होता. इथला पाऊस दगडफेक केल्यासारखा पडतो. अंगावर काही नसलं की माती पळ काढणारच. तो थर कचरा समजून काळ्या पिशव्यांत कोंबला होता. तिने एक पिशवी उपसली. वरच सगळ्या डेलियाच्या कळ्या. दोनशे तरी असतील.

व्यवस्थापक साहेब छत्रीखाली आले, बूट चिखलापासून जपत. हातात कागद.

"काय ही दशा, मावशी! उद्या अध्यक्ष येतायत आणि वाफ्यात एक धड फूल नाही. 'माझ्याकडून देखभालीत हलगर्जीपणा झाला, मला मान्य आहे', एवढंच लिहिलंय यात. सही करा. पुढच्या महिन्यापासून बागेचं कंत्राटदाराची माणसं बघतील."

मावशी म्हणायचं आणि गळ्यावर सुरी ठेवायची, ही या माणसाची जुनी खोड.

तिने पिशवीतून एक बोंड काढलं, झाडावरून एक खुडलं आणि दोन्ही साहेबांच्या नाकासमोर धरली. दोन्ही हिरवट, मिटलेली, पावसाने निथळणारी. एक गोल, एक टोकदार.

"यातलं मेलेलं कुठलं, साहेब?"

"हा काय पोरखेळ लावलाय?"

"सांगा की. काल दोनशे कापलीत ना?"

साहेबांनी वॉचमनकडे पाहिलं. वॉचमन आभाळ बघू लागला.

"हे," साहेबांनी गोल बोंडावर टिचकी मारली. "उघड दिसतंय. आखडून गेलंय."

तिने अंगठ्याने ते फोडलं. आत लालभडक पाकळ्या, एकीला एक चिकटलेल्या, घडी न मोडलेल्या.

"हे उद्या उमललं असतं. तुमच्या अध्यक्षांसमोर. गोल ती कळी, टोकदार ते सरलेलं फूल. एवढंही ठाऊक नसताना कात्री कशाला धरायची? जिवंत तेवढं छाटलंत आणि मढी ठेवलीत झाडावर. वर मातीचं पांघरूणही ओढून नेलंत. आणि सही मी करू?"

साहेबांचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी घसा खाकरला.

"ते झालं ते झालं. आता कोणीतरी जबाबदारी घ्यायला नको का?"

"घेते ना. आणा तो कागद."

साहेबांना हायसं वाटलं. त्यांनी कागदासोबत पेनही पुढे केलं. पेन तिने घेतलं नाही. ती वाफ्यात उतरली, डेलियाच्या बुडाशी बसली आणि उघड्या मातीवर तो कागद नीट पसरला. कडा दाबल्या. पिशवीतला पालापाचोळा ओंजळीने वर टाकला आणि तळव्याने थापटला.

"आणखी प्रती आहेत का, साहेब?" ती मान वर न करता म्हणाली. "वाफा लांब आहे."