पोटभर

"अम्मा, आप रोज पेटभर खाती हैं ना?" डॉक्टर हाफिजांनी विचारलं.

नर्मदाबाई पदराचं टोक चाचपत राहिल्या. शेजारच्या खुर्चीत बसलेली मंजुषा पुढे झुकली. आतापर्यंत सासूबाईंनी फटाफट उत्तरं दिली होती. साखर नाही, बीपी नाही, वर्षभरात एकही अँटिबायोटिक नाही. मग इथेच काय अडलं?

गुरुवारी मंजुषाचं ऑपरेशन ठरलं होतं. पोटाचा मोठा भाग कापून काढायचा आणि उरलेलं नळीसारखं शिवायचं. मंदीत तिची नोकरी गेली आणि घरी बसून वजन शंभर किलोच्या पुढे गेलं. पण ऑपरेशनची तिला फार भीती वाटत होती. शेवटची धडपड म्हणून ती शारजातल्या या क्लिनिकमध्ये आली होती. इथे एक छोटा अभ्यास चालू होता. निरोगी, सडपातळ माणसाच्या विष्ठेतले जिवाणू वेगळे काढायचे, त्यांच्या कॅप्सूल लठ्ठ माणसाला द्यायच्या आणि जोडीला त्या जिवाणूंना पोसणारा आहार. गुण येईलच असं डॉक्टर म्हणत नव्हत्या. पण कापाकापी तर नव्हती.

जिवाणू देणारं माणूस आपणच आणायचं होतं, शक्यतो घरातलं.

"आईकडे हे मागायचं?" तिचा नवरा दत्तप्रसाद भडकला होता. "वेड लागलंय का तुला?"

तरी मंजुषाने मागितलं. येणाऱ्याजाणाऱ्यासमोर "आमच्यात कुणी असं सुटलेलं नाही हो, आमचं हाडच बारीक," म्हणणाऱ्या बाईकडे मागितलं. नर्मदाबाई एवढंच म्हणाल्या, "कधी जायचं?"

"अम्मा?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"आई, हो म्हणा ना," मंजुषा पुटपुटली.

"मला हिंदीत नाही सांगता यायचं. तू सांग त्यांना." नर्मदाबाई समोरच्या भिंतीकडे बघत बोलू लागल्या. "लग्न होऊन आले तेव्हा मी चांगली अंगाने भरलेली होते. पहिल्याच पंगतीत मामंजी म्हणाले, सुनेच्या हाती कोठीची किल्ली देऊ नका रे. सगळे हसले. हे पण हसले. तेव्हापासून मी अर्ध्या पोटी उठते. भूक लागली की पाणी पिते. हाड बारीक वगैरे काही नाही."

मंजुषा त्यांच्याकडे वळली. इतक्या वर्षांचे टोमणे तिला एकदम आठवले. हे सगळं ठाऊक असून ही बाई आपल्याला बोलत राहिली?

डॉक्टर पेन धरून थांबल्या होत्या. 'हाँ, पेटभर खाती हैं.' एवढं म्हटलं की गुरुवार टळणार होता. मराठी त्यांना कळत नव्हतं. मंजुषाने तोंड उघडलं. नर्मदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तू काय सांगायचं ते सांग, मी मध्ये बोलणार नाही, अशी.

"नहीं," मंजुषा म्हणाली. "शादी के बाद कभी पेटभर नहीं खाया."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या हिंदीतच म्हणाल्या, "मग यांचे जिवाणू नाही घेता येणार. मला पोटभर जेवूनही सडपातळ राहिलेलं माणूस हवंय." मंजुषाचा चेहरा पाहून त्या सावकाश समजावू लागल्या. "नुसत्या आहाराचाही एक गट आहे. डाळी, कडधान्यं, भाज्या, दही. कॅप्सूल नाहीत. वजन किती उतरेल, मी सांगू शकत नाही. ऑपरेशन नंतरही करता येतं. विचार करा. और अम्मा को भी खिलाइए."

दोघी बाहेर पडल्या तोच मंजुषाचा फोन वाजला.

"झालं? नाहीच म्हणाले ना?" दत्तप्रसाद घाईघाईने बोलत होता. "जाऊ दे. गुरुवारचं पक्कं आहे. यल्ला, चला, या आता घरी."

"गुरुवारी मी जाणार नाही. आधी इथल्या आहाराच्या गटात जाऊन बघते."

"काय? मंजू, तुझी शुगर बघ! ही डेट गेली तर पुन्हा कधी मिळेल? झोपेत तुझा श्वास अडकतो तेव्हा मी जागा असतो, कळतंय का?"

त्याचा आवाज चिरकला होता. तो खोटं बोलत नव्हता. 'बरं' हा शब्द अगदी जिभेवर आला.

नर्मदाबाईंनी तिच्या हातातून फोन घेतला.

"दत्ता, ओरडू नकोस. तिने विचार करून सांगितलंय. आणि आम्हाला यायला उशीर होईल. आम्ही दोघी जेवायला बसतोय."