मंगळवारचा आकडा

"अध्यक्षपदासाठी मी सुमंत सरांचं नाव सुचवते," वेदश्री म्हणाली आणि रायापूरच्या शाळेतला तो वर्ग टाळ्यांनी भरून गेला.

सुमंतनं उठून हात जोडले. मे महिन्यातला रविवार, सकाळचे अकरा आणि वर पत्रा. समोर सतरंजीवर साठ-सत्तर माणसं बसली होती. उजवीकडे झाडं-ओढे वाचवायला झटणारी सप्तापूरची मंडळी : प्राध्यापक, विद्यार्थी, दोन वकील. डावीकडे गोकुळ रोडच्या कारखान्यांतले कंत्राटी कामगार. मधे दोन हात जागा मोकळी राहिली होती. ती कुणी मुद्दाम सोडली नव्हती.

या दोन्ही बाजूंना एका छपराखाली आणायला वेदश्रीला दोन वर्षं लागली. ती विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायची. तिचं म्हणणं असं, की जो नफ्यासाठी ओढा नासवतो तोच नफ्यासाठी माणसाला भट्टीपुढं उभा करतो. मग झाडांची लढाई वेगळी आणि कामगारांची वेगळी कशी? भट्टी कधी थांबवायची, धूर कुठं सोडायचा, हे तिथं राबणाऱ्यांनी आणि शेजारी राहणाऱ्यांनी ठरवायला हवं. कामगार आधी हसले. "तुम्हा झाडवाल्यांना रविवार असतो, अक्का," भट्टीवरचा भीमराव तिला म्हणाला होता. "आम्हाला पाळी असते."

मग गोपाळ गेला.

अळणावरकडचा माणूस. वय एक्केचाळीस. लोखंड ओतायच्या शेडमध्ये एका मंगळवारी दुपारी तो खाली बसला तो उठलाच नाही. अंग इतकं तापलं होतं की उचलायला आलेल्यांनी आधी हात मागं घेतले. कारखान्यानं कागद केला : हृदयविकार. आज विसाव्या दिवशी ही सभा होती. संघटना उभी करायची आणि पहिली मागणी एकच : शेड चाळीस अंशांच्या वर तापली की काम बंद, पगार चालू.

सुमंत त्याच कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. वेदश्रीला तो हवा होता तो म्हणूनच. दोन्हीकडचा माणूस. गेली वीस वर्षं सुट्टीच्या दिवशी तो शाळाशाळांतून हवामानबदलावर बोलत हिंडला होता. आजही तासभर पडद्यावर नकाशे दाखवून तो नुकताच थांबला होता.

टाळ्या विरल्या तशी डावीकडून एक बाई उठली. तानूबाई. गोपाळची बायको. तीही त्याच शेडमध्ये वाळू चाळायची.

"सर, ओंदु मातु," ती कानडीत म्हणाली. मग मराठीत, "एक विचारू?"

"विचारा की, अक्का."

"आत्ता तुम्ही दाखवलं, अजून पंचवीस वर्षांनी आपल्याकडं किती तापणार ते. मला थोडं कळलं, थोडं नाही." ती जरा थांबली. "त्या मंगळवारी दुपारी दोनला आपल्या शेडात किती होतं?"

दाराशी फोरमन तुकाराम उभा होता. त्याला वरून धाडलंय हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानं मोबाइल वर धरला.

रोज दोन वाजता शेडमधल्या तापमापकाचा आकडा वहीत लिहिणं हे सुमंतचं काम. चाळीस ओलांडले तर भट्टी थांबवायची, असा कागदावर कारखान्याचाच नियम होता. तो नियम सुमंतनंच करून घेतला होता आणि त्याचा त्याला अभिमानही होता. पण गेल्या तीन उन्हाळ्यांत वहीत चाळीस एकदाही नव्हते. पहिल्या वर्षी मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावून समजावलं होतं. पुढं समजवावं लागलं नाही. त्या मंगळवारी त्यानं आकडा पाहिला, वहीत एकोणचाळीस लिहिले आणि आपल्या थंड खोलीत येऊन त्या रविवारच्या एका शाळेतल्या व्याख्यानाचे नकाशे जुळवत बसला. तीन वाजून दहा मिनिटांनी शेडमध्ये आरडाओरडा झाला.

चौकशी सुरू होती. वही चौकशीच्या साहेबांकडे गेली होती. वहीविरुद्ध बोलणारा कागद कुणाकडंच नव्हता. सुमंत त्रेपन्न वर्षांचा होता. या वयात नोकरी गेली तर दुसरी मिळत नाही.

"सर, आजच उत्तर द्यायला पाहिजे असं नाही," वेदश्री हळू आवाजात म्हणाली.

सुमंतनं दाराकडं पाहिलं. मोबाइल अजून वरच होता.

"एकोणपन्नास," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं. "एकोणपन्नास होतं. मी एकोणचाळीस लिहिलं. त्या दिवशीच नाही, तीन वर्षं मी असंच लिहीत आलो. मला अध्यक्ष करू नका. साक्षीदारांत माझं नाव घाला. चौकशीत मी हेच सांगेन."

उजवीकडं कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. एका वकिलानं घाईघाईनं कागद ओढला. दोघातिघा विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. उद्या काय होणार हे सुमंतला दिसत होतं. तरी कितीतरी दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेल्यासारखा वाटला. आपण मोठं काहीतरी देऊन टाकलं, असंही क्षणभर मनात येऊन गेलं.

डावीकडं एकही हात हलला नाही. तिथं कुणी दचकलंसुद्धा नव्हतं.

तानूबाई अजून उभीच होती.

"किती होतं ते आम्हाला ठाऊकच होतं, सर. आम्ही तिथंच होतो," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक होतं का, तेवढंच बघायचं होतं."