चेअरमनचं पत्र

"पत्राशिवाय फॉर्म भरता येत नाही गं बाई," नाल्वोगा म्हणाली. बारा वर्षं हेच वाक्य बोलून तिच्या जिभेला घट्टे पडले होते.

समोरच्या बाकावर नाबुकेन्या बसली होती. डावा डोळा सुजून बंद झालेला, पाठीशी दीड वर्षाचं लेकरू बांधलेलं. नाकासोझी गावाहून आले, नवरा मारतो, एवढंच तिनं सांगितलं होतं आणि त्याहून जास्त नाल्वोगानं विचारलंही नव्हतं. मसाका रोडवरच्या या मदत केंद्रात मार खाऊन निघालेल्या बायकांसाठी आठ खाटा होत्या. सध्या एक रिकामी होती.

पण खाट हवी तर गावच्या चेअरमनचं शिक्क्याचं पत्र आधी हवं: ही बाई आमच्या गावची, तिची तक्रार खरी. नवऱ्याचं नाव, मुलं किती, हे सगळं त्यानंतर. एकदा पत्राशिवाय ठेवलेल्या बाईचा नवरा वकील घेऊन उगवला, तेव्हापासूनचा हा नियम. आमच्या युगांडात मेलेला माणूससुद्धा शिक्क्यावाचून मेलेला ठरत नाही.

"चेअरमन पत्र देणार नाहीत," नाबुकेन्या म्हणाली.

नाल्वोगाला हे पटेना. नाकासोझीच्या चेअरमनचा फोटो तर इथंच भिंतीवर होता. गेल्या साली केंद्राच्या शिबिरात त्यांनी बायकांच्या हक्कांवर असं भाषण केलं होतं की तिचे डोळे पाणावले होते.

"देवमाणूस आहे तो," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं जाऊ नकोस. केळ्यांचा घड ने."

"केळी पुष्कळ आहेत त्यांच्याकडे."

"मग गोड बोल. जेवला की माणूस मऊ पडतो. तेव्हा विचार."

मंगळवारी ती परत आली, तेव्हा ओठ फाटला होता. जेवण झाल्यावर विचारलं, म्हणाली. रीतीप्रमाणे गुडघे टेकून विचारलं. घरची अब्रू वेशीवर टांगतेस का, म्हणाले.

नाल्वोगानं कापूस पुढे केला. तिला कीव आली आणि पुन्हा कीव आली याचाच कंटाळाही आला. सकाळपासून ही सहावी होती, पाय सुजले होते, चहा गार झाला होता.

"हा ओठ नवऱ्यानंच फोडला ना?"

नाबुकेन्यानं मान डोलावली.

"म्हणजे तू पत्र मागितलंस, हे त्याला कळलं तर."

"कळलं."

"चुगलखोर गाव," नाल्वोगा पुटपुटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न कर, असं तिनं सांगितलं. दुसरं सांगणार तरी काय?

गुरुवारी नाबुकेन्याचा हात गळ्यात बांधलेला होता. या खेपेला नाल्वोगा चिडली आणि चिडली ती तिच्यावरच. तुला धड मागताही येत नाही, म्हणाली. चांगल्या माणसाकडून एक चिठ्ठी आणायची, तर त्याचं केवढं रामायण.

"थांब, मीच फोन करते त्यांना."

नाबुकेन्यानं धड असलेला हात फोनवर दाबून धरला. इतका जोर तिच्यात असेल असं वाटलं नव्हतं.

"नका करू, ताई. मी आणते."

"उद्या दुपारपर्यंत. नंतर खाट दुसरीला जाईल. माझ्या हातात नाही ते."

शुक्रवारी नाल्वोगा घड्याळाकडे बघत बसली होती. ही आता यायची नाही, असं तिला वाटत होतं. अशा कितीतरी येत नाहीत. पुढे त्यांचं काय होतं, ते विचारायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं.

बाराला पाच कमी असताना नाबुकेन्या दारात उभी राहिली. पाठीशी लेकरू, बोटाला मोठी मुलगी. ती बसली नाही. कमरेची गाठ सोडून तिनं एक चिंधी टेबलावर ठेवली. आत लाकडी मुठीचा गोल शिक्का होता आणि जांभळ्या शाईची डबी.

"पत्र तुम्ही लिहा," ती म्हणाली. "शिक्का आणलाय."

चेअरमनचा शिक्का चोरणं म्हणजे तुरुंगच. नाल्वोगानं उठून दार लावून घेतलं.

"अगं, उशाखाली घेऊन झोपतात ते हा, शिबिरात स्वतःच म्हणाले होते. त्यांच्या घरात शिरलीस कशी तू?"

"शिरायचं कशाला, ताई?" नाबुकेन्या म्हणाली. "सात वर्षं तिथंच नांदतेय मी."