कोरडा

नववा झरा कोरडा निघाला. नबीलने कपारीत कोपरापर्यंत हात घातला. तळाची वाळूसुद्धा गरम होती.

उम्म हमाद मागे उभी होती, काळ्या शालीत हात गुंडाळून. सिनाईच्या या डोंगरांचा नवा नकाशा करायचा होता आणि वाट दाखवायला तिचा नवरा मुतलक येणार होता. दीड महिन्यापूर्वी तो वारला. पाण्याविना गेला, एवढंच नबीलला वस्तीवर कळलं होतं. त्याच्या जागी ती आली. आठवडाभर ती पुढे चालत होती. विचारलं की झऱ्याचं नाव सांगायची, त्यापलीकडे काही नाही.

नबीलने यंत्र उभं केलं, उंची टिपून घेतली आणि झरा आटला कधी, ते विचारलं.

"ईदच्या आठवड्यात. मी शेळ्या घेऊन आले होते, तेव्हाच थेंब नव्हता."

ईदला तीन महिने होऊन गेले होते. नबीलची पेन्सिल थांबली. मुतलक इथेच यायला निघाला होता का, असं त्याने विचारलं.

हो, म्हणाली. उंटीण भरकटली होती, तिच्या मागावर गेला. पाणी थोडंच घेतलं, वाटेत हा झरा होताच. तिसऱ्या दिवशी खाली त्या बाभळीपाशी सापडला. वाट दाखवावी तसं तिने झाड दाखवलं.

"तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतं?"

"आमचं बोलणं बंद होतं. माझी दुभती शेळी न विचारता पाहुण्यांसाठी कापली त्याने. म्हटलं, आधी तो बोलू दे."

नबील पुटपुटला, अल्लाची मर्जी.

आटलेले झरे नकाशात ठेवायचे नाहीत, असा नियम होता. त्याने खोडरबर काढला.

"खोडू नकोस. आहे तिथेच राहू दे. कोरडा म्हणून लिही."

त्याने लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. ती कागदावर वाकली आणि कुठे लिहिलंय ते विचारलं. नबीलने बोट ठेवून दाखवलं. तीन अक्षरं होती.

उम्म हमाद त्या अक्षरांकडे बघत राहिली.

"एवढंच?" ती म्हणाली.