शंभर वर्षांचा पुरावा

अँटवर्पच्या योरिसने वडिलांचं व्हायोलिन न्यूयॉर्कच्या एका बाईंना विकलं आणि कस्टम ड्यूटीवरून वाजलं. "शंभर वर्षांपूर्वीचं असल्याचा पुरावा द्या, म्हणजे ड्यूटी माफ होईल, नाहीतर ती तुम्हीच भरा," बाईंनी ठणकावलं.

योरिसने वडिलांची पत्र्याची पेटी ओढली.

"मामंजींनी ती कधी कुणाला उघडू दिली नाही हो," बायको म्हणाली.

"अगं, त्यांना जाऊन दहा वर्षं झाली."

आत एक फोटो निघाला. टोकाला सिंहाचं तोंड कोरलेलं तेच व्हायोलिन एका अनोळखी मुलीच्या हातात, मागे साल १९१२. योरिसने तो खुशीत धाडून दिला.

उत्तर लगेच आलं.


"ड्यूटी कुणी मागितलीच नव्हती. ही माझी आजी. नाझींनी तिला अँटवर्पच्या घरातून उचलून नेलं, तेव्हा व्हायोलिन आणि हा फोटो घरातच राहिले. तुमचे वडील त्या वेळी काय काम करायचे?"