बाऊंड्रीला लागलेली जीप

तांड्यामागच्या मैदानात फायनलचा शेवटचा बॉल राहिला होता, जिंकायला चार रन हवे होते. तेवढ्यात रुख्मिणीबाई पदर खोचून थेट पिचवर आली अन् तिनं लेकाच्या हातातली बॅट हिसकावली. “तिकडं जीपमध्ये बायको कळा सोसून राहिली अन् तू इथं चेंडूफळी खेळून राहिला? चल दवाखान्यात!” “माय, एकच बॉल राहिला.” “तुझ्या बॉलसाठी लेकरू थांबंल का रे मुडद्या?” बाऊंड्रीला लागलेल्या जीपमधून सून कण्हत ओरडली, “आत्याबाई, मारू द्या त्यांना! न्हाई तर हरल्याचं खापर जन्मभर माझ्या लेकरावर फोडतील.” रुख्मिणीबाईनं बॅट लेकाच्या छातीवर आदळली. “मार. मग पळायचं कुठं, ते तुझं तू ठरव.” बॉल उंच उडाला. सगळा तांडा वर पाहत होता. तिची नजर लेकावर. बॅट फेकून ते येडं जीपकडं पळत सुटलं होतं.