अप्पारावांनी आवळलेला नट

नट काही हलेना.

अप्पाराव पाटावर बसून डाव्या हातानं पाना दाबत होते. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. मार्चमध्ये अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, तेव्हापासून तो असाच. मोटारसायकलच्या पलीकडे त्यांची मुलगी त्रिवेणी मागच्या चाकाच्या एक्सलचं दुसरं टोक दुसऱ्या पान्यात धरून उकिडवी बसली होती. मागची चेन ढिली होऊन लोंबत होती, आणि हा नट सुटल्याशिवाय ती ताणता येत नव्हती. नटावरची पिन काढून तेल सोडून झालं, हातोडीनं ठोकून झालं, पान्यावर लोखंडी पाइप चढवूनही झालं.

"अप्पा, कोपऱ्यावरच्या यूसुफभाईंकडे ढकलत नेते ना. दोन मिनिटांचं काम."

"नक्को. या गाडीला बाहेरच्याचा पाना लागला नाही आजवर. उद्यापासून तू हिच्यावर रोज सिकंदराबादला जाणार. मी बघितल्याबिगर सोडत नाही."

"मग सुटत का नाही हा? कोणी आवळलाय एवढा?"

अप्पारावांनी पाना नटावर नव्यानं बसवला. अंगणातल्या तुळशीपाशी वात सारखी करणाऱ्या त्यांच्या पत्नी पद्मावतीबाईंना मात्र ठाऊक होतं. फेब्रुवारीत याच पाटावर बसून यांनीच आवळला होता. "आता हत्ती आला तरी हलायचा नाही," असंही वर म्हणाले होते. रेल्वेच्या कारखान्यात अडतीस वर्षं फिटर राहिलेल्या माणसाचा उजवा हात होता तो.

"अहो, पुरे करा. डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय ना?" पद्मावतीबाई हळूच म्हणाल्या.

"तू कार्तिकभर एकभुक्त राहतेस, मी मध्ये बोलतो का? तुझं व्रत तू बघ."

त्रिवेणीनं मोबाइल पुढे केला. "हे बघा, व्हिडिओत काय करतात. पाइपवर सरळ पाय देऊन उभे राहतात. मी राहते उभी."

"खबरदार! औजाराला पाय?" अप्पारावांचा आवाज चढला. "यंदा दसऱ्याला हळदकुंकू वाहिलंय त्याला. कारखान्यात रेल्वेची चाकं उघडली मी, पण पाना कधी पायाखाली घेतला नाही."

त्यांनी परत पाइप धरला. मानेच्या शिरा वर आल्या, कान लाल झाले. पाइप हातातून निसटला आणि ते मागे भिंतीला टेकले. कपाळावरून घाम गळत होता. तरी चांगला म्हणून उरलेला डावा हात पुन्हा पाइपकडे गेलाच.

पद्मावतीबाईंनी वात तशीच सोडली. पदर खोचला, तळपाय पुसले. खाली वाकून पान्याला हात लावला, तो डोळ्यांना लावला, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाल्या. मग गाडीच्या सीटला धरून पाय उचलला.

"अगं, अगं! कळतंय का काय करतेस?"

"पाप लागलं तर मला लागू द्या. त्रिवेणी, घट्ट धर गं."

आणि त्या पाइपवर दोन्ही पायांनी उभ्या राहिल्या. एकवेळ जेवत होत्या, तरी वजनाला काही कमी नव्हत्या. क्षणभर काहीच झालं नाही. मग कडाड् असा आवाज झाला आणि त्या वीतभर खाली गेल्या.

"मोडलं का हो काही?"

"सुटला," अप्पाराव म्हणाले.

त्रिवेणी "आई, तू तर पहिलवान निघालीस!" म्हणून हसायला लागली. पद्मावतीबाई हसल्या नाहीत. खाली उतरून त्यांनी पान्याला परत नमस्कार केला, आणि नवऱ्याकडे बघितलं. ते त्या नटाकडेच बघत होते. त्या उजव्या हातानं केलेलं तेवढंच एक काम आजवर शाबूत राहिलं होतं. पद्मावतीबाईंनी नजर वळवली आणि पाण्याचा तांब्या आणून त्यांच्याजवळ ठेवला.

पुढचं काम सोपं होतं. अप्पाराव सांगत गेले, त्रिवेणी करत गेली. चाक मागे सरकवून दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या जुळवल्या. चेन बोटानं उचलून बघितली. "हां, एवढीच ढील ठेव. लई ताणू नको, तुटते."

शेवटी नट आवळायची वेळ आली. त्रिवेणीनं सवयीनं पाइप उचलला. अप्पारावांनी तो तिच्या हातातून काढून बाजूला ठेवला.

"पाइप नको. नुसत्या पान्यानं."

तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. ओठ चावून, डोळे मिटून लावला. मग धापा टाकत म्हणाली, "माझ्यानं एवढाच होतोय, अप्पा. तुमच्यासारखा नाही बसत. आईला परत उभी करू का?"

तुळशीकडे वळलेल्या पद्मावतीबाई तिथंच थबकल्या.

अप्पारावांनी डाव्या हाताचं बोट नटावरून फिरवलं. "बस्स. एवढाच पाहिजे. वर पिन लागते त्याला, आपोआप निघत नाही तो." मग बोट मांडीला पुसत म्हणाले, "मी आवळायचो ते चूकच होतं. रस्त्यात कुठं अडलीस तर तुला एकटीला उघडता आला पाहिजे. उघडून दाखव बघू."

त्रिवेणीनं पाना उलटा धरला आणि दाबला. नट सुटला.

तिनं तो परत आवळला.